वही किती वर्षं टिकायला हवी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय चाळिशीच्या पुढे, घरची आंब्याची बाग, एकत्र कुटुंब, मुलगी शिक्षणासाठी पुण्यात. कॉलेजात असल्यापासून त्यांना रोजनिशी लिहायची हौस आहे, पण एकही वही पुरी झालेली नाही. दर जानेवारीत नवी वही येते, आठ-पंधरा दिवस लिहून होतं, मग एक दिवस चुकतो आणि वही बंद पडते. अशा अर्धवट वह्या कपाटात साठल्या आहेत. गेल्या वर्षी मुलीने चामडी वेष्टनाची, जाड कागदाची महाग वही आणून दिली. एवढ्या चांगल्या वहीत वेडंवाकडं लिहायला हात धजेना, म्हणून ती कोरीच राहिली, आणि गणपतीत कपाट उघडलं तेव्हा तिच्यावर हिरवट बुरशी आली होती. जुन्या वह्यांचीही काही पानं चिकटली, निळी शाई पसरली. त्यात पूर्वी एकदा नणंदेने वही वाचली आणि चार माणसांत, जेवताना, त्यावरून बोलल्या. तेव्हापासून मनातलं लिहिणं अडलं आहे. ताई विचारतात: आमच्या हवेत टिकेल अशी वही कोणती? त्यापेक्षा मोबाईलवर लिहावं का? रोज लिहायची शिस्त कशी लावावी? आणि शेवटी त्या लिहितात, ‘मुलीसाठी मागे काहीतरी नीट राहावं असं वाटतं.’

प्रिय ताई,

तुम्ही टिकाऊ वही विचारलीत, पण आधी एक उलटा प्रश्न विचारते. किती वर्षं टिकायला हवी?

मुलीसाठी काही राहावं ही इच्छा मनापासूनची आहे, तिच्याबद्दल शंका नाही. पण तीच इच्छा तुम्ही प्रत्येक पानावर लादली आहे. फवारणीचा हिशेब, नणंदेचा राग, पहिल्या पावसाची नोंद, रात्री झोप उडाली तेव्हा सुचलेलं काहीतरी, हे सगळं एकाच वहीत, एकसारख्या चांगल्या अक्षरात, मुलगी पुढे वाचेल अशा बेताने लिहायचं! या अटी घातल्या तर कोणाचीही वही पंधरा दिवसांत बंद पडेल. तुमच्यात शिस्त कमी आहे असं मला तुमच्या पत्रावरून मुळीच वाटत नाही. बाग, घर आणि येणारी-जाणारी माणसं सांभाळणाऱ्या बाईला शिस्त शिकवायला नको.

आपण जे लिहितो त्याचं आयुष्य सारखं नसतं. काही लिहिणं त्या दिवसापुरतंच असतं: मन मोकळं झालं, त्याचं काम संपलं. काही चार-पाच वर्षं उपयोगी पडतं, आणि अगदी थोडं असं असतं की ते पुढच्या पिढीने वाचावं. ही तीन कामं एका वहीवर टाकली की वही निवडताही येत नाही आणि लिहिताही येत नाही. वेगळी केली, की कागद कसला, शाई कसली, ठेवायचं कुठे, यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

त्या दिवसापुरत्या लिहिण्याचं आधी बोलू, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे. नणंदेने वही वाचली, ते चूक होतं. जेवताना चार माणसांत त्यावर बोलणं त्याहून वाईट. ‘घरातलीच तर आहे’ असं म्हणून ते सोडून द्यावं असं मी सांगणार नाही. पण त्यानंतर तुम्ही सगळंच लिहिणं थांबवलंत, तिथे जरा थांबून पाहा. त्या पानांवरचा राग तुम्हाला कधी पुन्हा वाचायचा होता का? रागाचं लिहिणं लिहितानाच उपयोगी पडतं, ते जपून ठेवायची गरज क्वचितच असते.

त्यासाठी वही नकोच. सुटे कागद घ्या: मुलांच्या वह्यांची उरलेली पानं, एका बाजूने कोरे राहिलेले छापील कागद, काहीही चालेल. दार लावून पंधरा-वीस मिनिटं लिहा. अक्षर, शुद्धलेखन, तारीख काही बघू नका. लिहून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या चुलीत टाका. चूल नसेल तर बारीक तुकडे करून बादलीत भिजवा. साधा कागद तासाभरात मऊ होतो, त्याचा लगदा कुस्करून कलमाच्या आळ्यात टाकता येतो. फक्त एक पथ्य पाळा. लिहिल्या दिवशीच, रागाच्या भरात फाडू नका. रात्र जाऊ द्या. एखाद्या वेळी त्या चार पानांत दोन ओळी अशा निघतात की त्या ठेवाव्याशा वाटतात. तेवढ्या उतरवून घ्या, बाकीचं जाऊ द्या.

मोडी शिकून तिच्यात लिहावं का, असंही काही वाचक विचारतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे दस्तऐवज मोडीत होत, आज ती वाचणारे थोडेच आहेत, त्यामुळे आडोसा चांगला मिळतो. हौस असेल तर जरूर शिका. पण हात बसेपर्यंत मोडीत लिहिताना लक्ष अक्षरांच्या वळणांत अडकतं. ज्या दिवशी मन भरून आलंय त्या दिवशी ते जमणार नाही.

आता चार-पाच वर्षं उपयोगी पडणारं लिहिणं. याला मी नोंदवही म्हणेन, आणि तुमच्यासारख्या बागायतदार घरात हीच सगळ्यात मोलाची. ही ओटीवर उघडी राहिली तरी चालेल अशी ठेवा. घरातल्या कोणीही उघडावी, वाचावी, वाटलं तर एक ओळ लिहावी. खासगी काही तिच्यात नसल्यामुळे लपवण्याचा ताण राहत नाही. शिवाय घरच्यांना एक वही उघडी दिसत असली की दुसऱ्या कागदांची चौकशी कमी होते, हाही फायदा आहेच.

हिच्यात पाच ओळींच्या वर लिहू नका. तारीख, हवा, बागेत काय दिसलं, घरात कोण आलं-गेलं, आणि वेगळं काही असेल तर तेवढं. उदाहरणार्थ: ‘१२ डिसेंबर. पहाटे थंडी चांगली, वारा उत्तरेचा. वरच्या बागेत पाच-सहा कलमांना मोहोर फुटला, खाली अजून पालवी. पंप दुपारी बंद पडला, संध्याकाळी चालू. आईंचा गुडघा दुखतो. रात्री वालाची उसळ सगळ्यांना आवडली.’ लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण अशी चार-पाच वर्षं झाली, की थंडी कधी पडली, मोहोर कधी आला, तुडतुडे कधी दिसले, पहिली पेटी कधी गेली, हे एकाखाली एक लावून बघता येतं. हे आठवणीवर सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आठवणीत वर्षं एकमेकांत मिसळतात.

रोज लिहायलाच हवं, हेही तुम्ही धरून चालला आहात. का बरं? कुळथाच्या पिठाला आज हात लावला नाही म्हणून उद्या ते कोणी फेकून देत नाही. वहीचंही तसंच असावं. तारीख छापलेली डायरी या बाबतीत त्रासदायक, कारण चुकलेला प्रत्येक दिवस एक रिकामं पान होऊन समोर येतो. म्हणून तारीख न छापलेली वही घ्या आणि तारीख स्वतः घाला. चार दिवस राहिले तर पाचव्या दिवशी मागच्या नोंदीखाली लगेच सुरुवात करा, मध्ये जागा सोडू नका, आणि राहिलेल्या दिवसांचं आठवून लिहायला तर मुळीच बसू नका. तो अनुशेष भरायच्या नादातच बहुतेक वह्या बंद पडतात. भेट आलेल्या छापील डायऱ्या घरात पडल्या असतील तर छापलेल्या तारखेवर सरळ रेघ मारा आणि साधी वही म्हणून वापरा. त्यांचा कागद पुष्कळदा शाळेच्या वहीपेक्षा बरा असतो.

लिहायची वेळ ठरवताना घड्याळ बघू नका, एखादं काम बघा. दुपारची जेवणं आटोपून, ओटा पुसून झाला की लगेच, किंवा संध्याकाळी दिवा लावण्याआधी, असं एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घ्या. फक्त स्वयंपाकाच्या ओट्यावर वही नेऊ नका. जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत: ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्’. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राख, असं पोथीच वाचणाऱ्याला विनवते. आजच्या वहीसाठीही यात बदल करायला नको. तेलाचा डाग कागदातून निघत नाही, आणि त्याच्यावर पेन उठत नाही.

आता दुकानात जाऊ. नोंदवहीसाठी तालुक्याच्या गावी कोणत्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळणारं पुठ्ठ्याचं, शिवलेलं रजिस्टर मला सगळ्यात योग्य वाटतं. फुलस्केप आकाराची एक दस्त्याची वही साधारण ९६ पानांची असते, दोन दस्त्याची १९२ च्या आसपास. दिवसाला पाच-सहा ओळी धरल्या तर एका पानात चार-पाच नोंदी बसतात, म्हणजे ९६ पानी वहीत रोज लिहूनही वर्ष निघतं. मोठा आकार मांडीवर नको वाटत असेल तर ए-फाइव्ह घ्या, १४८ बाय २१० मिलिमीटरचा. तो पिशवीत मावतो. त्याहून लहान घेऊ नका, हात टेकायला जागा राहत नाही आणि अक्षर आखडतं.

बांधणी मात्र नीट पाहा. वही वरच्या कडेकडून बघा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे, म्हणजे जुज, वेगळे दिसले आणि प्रत्येक जुजाच्या मध्यावर उघडल्यावर दोरा दिसला, तर ती जुजबंदी बांधणी. ही वही सपाट उघडते आणि पान सुटत नाही. कडेला सगळी पानं सरळ कापून नुसत्या गोंदाने पुठ्ठ्याला चिकटवलेली असतील तर ती टाळा. आपल्याकडच्या दमट हवेत गोंद आधी मऊ पडतो, मग उन्हाळ्यात कडक होऊन तडकतो, आणि पानं झडू लागतात. मधोमध पिना मारलेली शाळेची वही वर्षभरासाठी ठीक आहे, पण खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात आणि त्यांच्याभोवती कागद तपकिरी होऊन तुटतो. लोखंडी तारेच्या स्पायरलचंही तेच. स्पायरलच हवी असेल तर प्लॅस्टिकची घ्या.

वेष्टन रेक्झिनचं किंवा लॅमिनेट केलेल्या पुठ्ठ्याचं बरं. चामडं किनाऱ्यावर पावसाळ्यात बुरशी धरतंच, मग ते कितीही महाग असो. तुमच्या हातून काही हयगय झाली म्हणून ती वही खराब झाली नाही. कापडी वेष्टन दिसायला छान, पण ते खळीने चिकटवलेलं असेल तर झुरळं आणि कसर खळीसाठी येतात आणि कापड कुरतडतात.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात: एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. साध्या शाळेच्या वहीचा कागद ५५ ते ६० च्या आसपास असतो. बॉलपेनला तो पुरतो. जेलपेनसाठी ७०, शाईच्या पेनसाठी ८० किंवा वर बघा. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका, कारण जाड पण खळ कमी असलेला कागदही शाई पितो. स्वतःचं पेन सोबत न्या, दुकानदाराला विचारून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहा, अक्षराच्या कडा केसाळ होतात का बघा, मग पान उलटून मागे उमटतं का ते बघा. हातकागदाच्या वह्यांचा मोह होतो. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी तयार होणारा कागद खरोखर सुंदर असतो. पण हातकागद हवेतलं पाणी भराभर ओढतो, पावसाळ्यात त्याच्यावर शाई फुटते. तो थंडीतल्या लिहिण्यासाठी राखून ठेवा.

शाईचं म्हणाल तर तुमच्या जुन्या वह्यांत पसरलेली निळी शाई बहुधा धुऊन जाणारी, नुसत्या रंगाची असावी. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याने सहसा पसरत नाही. जेलपेनांत दोन जाती आहेत: पिगमेंटच्या, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांच्या, शाईची टिकतात, साध्या रंगाची वाहतात, आणि पेनावर ते नेहमी लिहिलेलं नसतं. म्हणून घरी परीक्षा घ्या. कागदाच्या पट्टीवर घरातल्या सगळ्या पेनांनी एक-एक ओळ लिहा, एक दिवस वाळू द्या, मग पट्टी अर्धी पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. जी ओळ वाचता येते ते पेन वहीला. बाकीची दुधाच्या हिशेबाला. शिसपेन आपण विसरतो, पण शिसं ना पाण्याने पसरत ना प्रकाशाने उडत. पावसाळ्यात कागद दमट असतो तेव्हा मऊ टू-बी शिसपेन छान चालते. फक्त घासलं जाऊन पुसट होतं, म्हणून पानाच्या एकाच बाजूला लिहा.

आता हवेचं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर आर्द्र असते. कागदावर बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या पुढे धरायला लागते. म्हणजे पावसाळ्यात उघड्या कपाटात ठेवलेली कुठलीही वही धोक्यात असते, ब्रँड कुठलाही असो. कागद स्वतःही पाणी धरून ठेवतो: कोरड्या हवेत वजनाच्या पाच-सात टक्के, पावसाळ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट.

यातली एक चूक घरोघरी होते. आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करताना, मे महिन्यात, आपण पापड-लोणच्यांबरोबर कागदपत्रंही डब्यात बंद करतो. पण मे महिन्यात किनाऱ्यावर हवा आधीच चिकट झालेली असते. कागदात मुरलेलं ते पाणी डब्यात कोंडलं जातं, आणि पहिल्या पावसाने बाहेर गारवा आला की आत घाम धरतो. वह्या बंद करायची वेळ जानेवारी-फेब्रुवारी, उत्तरेचा कोरडा वारा असतो तेव्हा. चार-पाच दिवस दुपारी अकरा ते चार वह्या सावलीत, पानं विलग करून, माजघरात उभ्या ठेवा. उन्हात नको, शाई उडते आणि पुठ्ठे वाकतात. मग घट्ट झाकणाच्या, रबरी कडीच्या प्लॅस्टिक डब्यात भरा.

डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ठेवा. दहा-पंधरा लिटरच्या डब्याला सुती पिशवीत शंभर ग्रॅम पुरे. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी भरले ते कळतं. निळे दाणे गुलाबी होतात, पण त्या निळ्यात कोबाल्ट असतं, ते हाताळायला चांगलं नाही, म्हणून नारंगी घ्या. रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. ज्या ताटलीत तापवाल ती पुन्हा जेवणाला नको. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक डब्यात टाकून ठेवा, फार महाग नसतो. आकडा ६० च्या खाली असेल तर डबा उघडूच नका. उत्सुकतेने दर रविवारी उघडलात तर सगळी मेहनत वाया.

ज्या वहीत रोज लिहिता ती अर्थातच डब्यात राहणार नाही. ती बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. जांभ्याची भिंत पावसात पाणी पिते, आणि पश्चिमेची सर्वांत जास्त. आतल्या भिंतीला, चार बोटं जागा सोडून, उघड्या फळीवर ठेवा. घट्ट बंद लाकडी कपाटापेक्षा हलती हवा बरी. वह्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली असतील तर काढून टाका, त्यांच्या आत दमट हवा अडकते. जुनी दप्तरं सुती रुमालात बांधून ठेवत ते शहाणपणाचं होतं: धूळ, उजेड आणि किडे बाहेर राहतात, हवा मात्र खेळते. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा त्याला उत्तम. पूर्वी कपाटात शून्य वॅटचा बल्ब लावून ठेवत, त्याच्या उष्णतेने आतली हवा कोरडी राही. हल्लीचा एलईडी गरमच होत नाही, त्यामुळे तो लावून उपयोग नाही, आणि जुना बल्ब कागदाजवळ लावून ठेवणं धोक्याचं.

कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर पूर्ण वाळलेला, ओला घातला तर तो स्वतःच ओल आणतो. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवता येतात. डांबरगोळ्यांनी किडे दूर राहतात, बुरशी नाही. आणि सुरंगीचा वळेसर आठवण म्हणून पानांत दाबून ठेवायची इच्छा झाली, तर आधी तो कोऱ्या कागदांत वजनाखाली दोन आठवडे ठेवा, कागद एक-दोन दिवसांनी बदलत राहा. ताजं फूल सरळ वहीत ठेवलं की तिथूनच बुरशी सुरू होते.

आता ज्या वह्या खराब झाल्यात त्यांचं काय? घाईने ओल्या फडक्याने पुसू नका, डेटॉल किंवा तेल तर अजिबात लावू नका. ओलं फडकं बुरशी कागदात आणखी खोल नेतं. बुरशीच्या वह्या आधी बाकीच्यांपासून वेगळ्या करा. वरीलप्रमाणे सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओली बुरशी चिकटते, वाळली की पूड होते. मग नाकाला मास्क बांधून, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा. दम्याचा त्रास असेल त्या माणसाने हे काम करू नये. डाग राहील, तो राहू द्या. चिकटलेली पानं वाळल्यावर कोपऱ्यातून बोथट सुरीने हलकेच सुटतात का बघा. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा. चामडी वहीलाही हेच करा. आतला कागद चांगला असेल तर वेष्टन काढून टाकूनही ती वापरता येईल.

पुराचं पाणी शिरतं अशा भागातल्या वाचकांसाठी थोडं जास्त सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरांबरोबर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या पुस्तकांतही पाणी गेलं होतं. भिजलेल्या वहीसाठी हातात साधारण दोन दिवस असतात, नंतर बुरशी धरते. गाळ लागला असेल तर वही बंद ठेवून, हातात घट्ट धरून स्वच्छ पाण्यातून काढा, पण धुऊन जाणारी शाई असेल तर हे करू नका. पिळू नका. दहा-बारा पानांमागे एक कोरा, शोषणारा कागद घाला, वर्तमानपत्राची शाई उतरते म्हणून ते टाळा. दर दोन-तीन तासांनी ते कागद बदला, पंखा चालू ठेवा. बरीचशी वाळली की दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवा, म्हणजे पानं लाटांसारखी वळत नाहीत. वह्या पुष्कळ असतील आणि हात कमी, तर प्रत्येक वही वेगळ्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तिथे बुरशी थांबते, आणि मग सवडीने एकेक वाळवा. अर्थात वीज असेल तरच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

म्हणूनच मोबाईलबद्दलही माझं मत मधलं आहे. बागेत उभं राहून मोहोराचा फोटो आणि एक ओळ टिपायला त्याच्यासारखं साधन नाही. पण घरातला मोबाईल दहा हातांत जातो, लॉक मुलांना माहीत असतं, आणि फोन बदलला की नोंदी कुठे गेल्या ते कळत नाही. लिहायचंच असेल तर नोंदींच्या अ‍ॅपला वेगळा पासवर्ड लावा, नोंदी दुसरीकडे आपोआप साठतात ना ते तपासा, आणि वर्षातून एकदा, थंडीत, कामाच्या तेवढ्या छापून घ्या. बँकेच्या मशीनच्या किंवा दुकानाच्या चकचकीत पावत्या वहीत चिकटवू नका, उष्णतेने उमटणारी ती छपाई काही महिन्यांत उडते. आकडे हाताने उतरवून घ्या. चिकटपट्टीही नको, ती पिवळी पडून कागदात तेल सोडते.

राहिलं मुलीसाठी ठेवायचं लिहिणं. ते रोज लिहायचंच नाही. दर थंडीत, वह्या वाळवायला काढाल तेव्हा, वर्षाची नोंदवही आणि उरलेले सुटे कागद चाळा आणि जे राहावंसं वाटतं तेवढं एका चांगल्या वहीत उतरवा. पाच पानं झाली तरी पुष्कळ. तेव्हा हवा कोरडी असते, हाताला घाई नसते, काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे चांगल्या वहीची भीतीही राहत नाही. मुलीने दिलेल्या वहीचा कागद वाचला असेल तर तीच यासाठी वापरा. पहिली दोन पानं कोरी सोडून तिसऱ्यापासून सुरुवात करा, पानांना आकडे घाला, आणि मुलगी सुट्टीत आली की तिला विचारा, तिला काय वाचायला आवडेल. तुम्हाला वाटतं त्याहून ते वेगळं असू शकतं. कदाचित आजीच्या हातच्या सांदणांचं प्रमाण, किंवा तिच्या जन्माच्या वर्षी बागेचं काय झालं होतं ते.

आणि त्या अर्धवट वह्या टाकून देऊ नका. लिहिलेली पानं एका आकाराची असतील तर तालुक्याच्या गावात छापखान्याशेजारी बाइंडर असतो, त्याच्याकडे न्या. पिना आधी घरी काढून टाका, कोरी पानं वेगळी करा. ती तुमच्या सुट्या कागदांच्या गठ्ठ्यात जातील. लिहिलेल्या पानांना तारखेप्रमाणे आकडे घालून, पुढे-मागे दोन-दोन कोरी पानं लावून द्या. बाइंडरला दोन गोष्टी आवर्जून सांगा: दोऱ्याने शिवा, आणि कडा कापू नका, कारण बांधणी झाल्यावर तीन बाजूंनी कापायची त्यांची पद्धत असते आणि समासात लिहिलेलं त्यात जातं. चिकटवायला खळ वापरणार असतील तर मोरचूद घालतात का ते विचारा, त्याने कसर लागत नाही. काम दिवाळीनंतर द्या. पावसाळ्यात चिकटवलेला पुठ्ठा नीट वाळत नाही.